डिस्नेच्या ‘स्नो व्हाईट’आधी ११ वर्षं, तिनं कात्री आणि काळ्या पुठ्ठ्यातून अख्खा सिनेमा उभा केला होता

जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशन सिनेमा कोणता, असं विचारलं तर दहातले नऊ जण एकच नाव घेतात. वॉल्ट डिस्नेचा ‘स्नो व्हाईट’, साल १९३७.

उत्तर तोंडावर असतं, पण ते चुकीचं आहे.

‘स्नो व्हाईट’ येण्याच्या ११ वर्षं आधी, १९२६ मध्ये, बर्लिनच्या एका थिएटरात उडता घोडा, परी, जादूगार आणि अल्लाद्दीनचा दिवा असलेला तासाभराहून मोठा ॲनिमेशन सिनेमा दाखवला गेला होता. त्याचं नाव ‘राजपुत्र अहमदची साहसं’. त्याच्याही आधी, १९१७ मध्ये, अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी यांनी ‘एल अपोस्तोल’ नावाचा लांब ॲनिमेशन सिनेमा केला होता, पण तो आगीत नष्ट झाला. त्यामुळे आज बसून बघता येईल असा जगातला सगळ्यात जुना ॲनिमेशन सिनेमा म्हणून ‘राजपुत्र अहमद’चंच नाव घेतलं जातं.

तो बनवणारी एक बाई होती. काम सुरू केलं तेव्हा तिचं वय होतं २४. तिचं नाव लॉटे रायनिगर.

सिनेमाच्या इतिहासात लॉटेचं नाव मोठं आहे. पण सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत तिचा हा सिनेमा फारसा पोहोचलाच नाही. तरीही तो संपला नाही, कारण दर वीस-पंचवीस वर्षांनी कुणी ना कुणी त्याच्या प्रेमात पडत गेलं आणि त्याला सांभाळत गेलं. लॉटेचं आयुष्य समजून घ्यायचं तर ही सांभाळणारी माणसंही समजून घ्यावी लागतात.

२ जून १८९९ रोजी बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये लॉटेचा जन्म झाला. तेव्हा जर्मनीत कागद कापून माणसांच्या काळ्या आकृत्या बनवण्याची कला घराघरात होती. चेहऱ्याची बाजू, नाकाची ठेवण, केसांचा अंबाडा, सगळं नुसत्या कात्रीनं. लॉटेला ही कला लहानपणापासून यायची. आधी पेन्सिलनं रेघ मारायची आणि मग कापायचं, ही भानगड तिच्याकडे नव्हती. कात्री थेट कागदात शिरायची आणि आकृती बाहेर पडायची. या आकृत्यांना मागून उजेड देऊन ती घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी सावल्यांची नाटकं करायची.

मग तिला सिनेमाचं वेड लागलं. आधी जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगाराचे चमत्कारांनी भरलेले सिनेमे, नंतर जर्मन अभिनेता-दिग्दर्शक पॉल वेगेनर. १९१५ मध्ये वेगेनरचं एक भाषण तिनं ऐकलं. कॅमेऱ्यानं रंगभूमीवर अशक्य असलेल्या गोष्टी कशा दाखवता येतील, हा त्याचा विषय होता. तिथून पुढे तिचं ध्येय ठरलं, वेगेनरपर्यंत पोहोचायचं.

वेगेनर ज्या मॅक्स राइनहार्टच्या नाट्यसंस्थेशी जोडलेला होता, तिथल्या अभिनयाच्या शाळेत जाण्यासाठी तिनं आईवडिलांना राजी केलं. रंगमंचावर तिला काही मोठ्या भूमिका मिळत नव्हत्या. मग ती विंगेत उभी राहून, काम करत असलेल्या नटांच्या आकृत्या कापायची. नटांना आपली छबी आवडायचीच. बोलबाला झाला आणि वेगेनरचं लक्ष गेलं. त्यानं आपल्या सिनेमातल्या पाट्यांसाठी आकृत्या कापायचं काम तिला दिलं.

१९१८ मध्ये वेगेनरचा ‘हॅमेलिनचा बासरीवाला’ आला. गोष्टीत उंदरांची फौज लागते, पण खरे उंदीर काही दिग्दर्शकाचं ऐकेनात. शेवटी लाकडी उंदीर बनवले गेले आणि एकेक छायाचित्र घेत त्यांना पुढे सरकवलं गेलं. या कामात लॉटे होती. निर्जीव वस्तू कॅमेऱ्यासमोर जिवंत करता येते, हे तिनं इथं हातानं करून पाहिलं.

वेगेनरच्याच ओळखीनं ती बर्लिनमधल्या एका प्रायोगिक चित्रपट संस्थेत पोहोचली. १९१९ मध्ये तिनं आपला पहिला छोटा सावलीपट केला. तिथंच तिला कार्ल कोख भेटला. १९२१ मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढे चाळीसहून अधिक वर्षं बाहुल्या हलवणारे हात लॉटेचे आणि कॅमेरा व तांत्रिक बाजू कार्लची, अशी ही जोडी राहिली.

आता येतं १९२३. जर्मनीत महागाईनं कहर केला होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. सकाळी मिळालेला पगार संध्याकाळी रद्दी व्हायचा. ज्याच्याकडे पैसे होते तो ते कशात तरी गुंतवायला धडपडत होता.

लुई हागेन नावाच्या ज्यू बँकरनं पैसे गुंतवले होते कोऱ्या फिल्मच्या रिळांमध्ये. पण रिळं पडून होती. लॉटेचं काम त्याला ठाऊक होतं, आवडतही होतं. त्यानं तिला विचारलं, या सावल्यांचा एक पूर्ण लांबीचा सिनेमा का करत नाहीस?

त्या काळी ॲनिमेशन म्हणजे मुख्य सिनेमाआधी दाखवायची काही मिनिटांची गंमत. लोक तासभर बसून सावल्या बघतील, यावर कुणाचा विश्वास बसणं कठीण होतं. हागेननं मात्र पॉट्सडॅममधल्या आपल्या घराजवळ, गॅरेजच्या वर, स्टुडिओला जागा दिली. १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं तिथं काम चाललं.

गोष्ट लॉटेनं निवडली ती अरबी कथांमधली. मराठी वाचकांना या कथा कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’मुळे घरच्यासारख्या आहेत. सिनेमातला दुष्ट जादूगार एक उडता घोडा बनवतो आणि त्याच्या बदल्यात खलिफाकडे त्याची मुलगी मागतो. तिचा भाऊ राजपुत्र अहमद घोड्यावर बसतो आणि आकाशात उडतो, पण खाली कसं यायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तिथून तो वाक वाक बेटावर पोहोचतो, परी बानूच्या प्रेमात पडतो, चीनमध्ये जातो, अल्लाद्दीन भेटतो आणि ज्वालामुखीत राहणारी एक चेटकीण त्याच्या मदतीला येते.

लॉटेनं ही गोष्ट निवडली याचं कारण साधं होतं. घोडा उडणं, माणसाचा प्राणी होणं, परीनं पिसांचे कपडे घालून आकाशातून उतरणं, हे खऱ्या नटांकडून करून घेणं तेव्हा जवळजवळ अशक्य होतं. काळ्या पुठ्ठ्याला मात्र त्याचं काही वाटत नाही.

हे काम व्हायचं कसं?

कोकणात पिंगुळीला ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवून रामायणातल्या कथा सांगतात. ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना लॉटेच्या बाहुल्या लगेच कळतील. फरक एवढाच, की पिंगुळीचा कलाकार बाहुली प्रेक्षकांसमोर सलग हलवतो. लॉटेची बाहुली प्रत्येक छायाचित्राला थांबायची.

प्रत्येक पात्र काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांतून कापलेलं असायचं. डोकं, मान, खांदा, कोपर, मनगट, गुडघा असे वेगवेगळे तुकडे बारीक तारेनं जोडायचे. ही बाहुली काचेच्या टेबलावर आडवी ठेवायची. टेबलाखाली दिवा, वर कॅमेरा. बाहुलीचा हात केसभर सरकवायचा, छायाचित्र घ्यायचं. पुन्हा केसभर सरकवायचा, पुन्हा छायाचित्र. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी वीसेक छायाचित्रं लागायची. तीन वर्षांत अशी सुमारे अडीच लाख छायाचित्रं घेतली गेली आणि त्यांतली सुमारे ९६ हजार सिनेमात वापरली गेली.

पाठीमागचे महाल, डोंगर, ढग हे पातळ कागदाच्या थरांतून बनवलेले. जास्त थर असतील तिथं गडद, कमी असतील तिथं फिकट. काही दृश्यांसाठी तर काचांचे एकाखाली एक मजले रचून पुढची आणि मागची दृश्यं वेगवेगळी हलवली गेली. दृश्याला खोली देणारं असंच तंत्र पुढे १९३७ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओनं स्वतःचा मोठा कॅमेरा बांधून वापरलं आणि त्याचा गाजावाजा झाला. पॉट्सडॅममध्ये ते गॅरेजच्या वर आधीच होऊन गेलं होतं.

लॉटे एकटी नव्हती. वॉल्टर रुटमान हा त्या वेळचा नावाजलेला प्रयोगशील चित्रकार-दिग्दर्शक. त्यानं जादूची, धुराची, आगीची दृश्यं केली. खरं तर महागाईत होरपळणाऱ्या देशात परीकथा कशाला, असा प्रश्न त्यालाच पडला होता. तरी तो कामाला लागला. बर्थोल्ड बार्टोशनं समुद्राच्या लाटा उठवल्या. वोल्फगांग त्सेलरनं खास या सिनेमासाठी संगीत लिहिलं. सिनेमा मूक होता, त्यामुळे ते थिएटरात वाद्यवृंदानं समोर वाजवायचं होतं.

जादूगार आणि चेटकीण यांच्यातली लढाई हा सिनेमाचा कळस. दोघं क्षणाक्षणाला रूप बदलतात, एक सिंह होतो तर दुसरी साप, आणि शेवटी दोघं एकमेकांवर आगीचे गोळे फेकतात. आज संगणकावर असे प्रसंग शेकडो माणसं मिळून करतात. लॉटेच्या टेबलाशी मोजकी माणसं होती.

सिनेमा तयार झाला, पण लावायला कुणी तयार होईना. मग लॉटे आणि तिच्या मित्रांनी स्वतःच २ मे १९२६ रोजी बर्लिनच्या फोल्क्सब्यूने थिएटरात खेळ ठेवला, पत्रकारांना आणि ओळखीच्यांना बोलावलं. प्रेक्षकांना तो आवडला.

दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, तो पॅरिसला गेला. तिथं त्याला एक मोठा चाहता मिळाला, ज्याँ रेनवार. चित्रकार रेनवारचा मुलगा आणि पुढे जगातल्या थोर दिग्दर्शकांत गणला गेलेला माणूस. त्यानं या सिनेमाची बाजू पॅरिसमध्ये लावून धरली. सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या मोठ्या थिएटरातही सिनेमा लागला. समीक्षकांनी कौतुक केलं, पण तिकीटबारीवर मोठा धमाका काही झाला नाही. थोड्याच वर्षांत बोलपट आले आणि मूक सिनेमांचा जमाना एका झटक्यात जुना झाला.

याची झळ लॉटेला थेट बसली. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यानं केलेला एक सिनेमा, ज्यात रेनवारनं स्वतः काम केलं होतं, नेमका मूक आणि बोलपटाच्या सांध्यात अडकला आणि पडला.

त्यानंतर १९३३ उजाडलं. हिटलर सत्तेवर आला.

लॉटे आणि कार्ल डाव्या विचारांकडे झुकलेले. त्यांचे कितीतरी मित्र ज्यू. नवी राजवट त्यांना मानवणारी नव्हती. दोघांनी देश सोडायचं ठरवलं, पण कोणताच देश त्यांना कायमचं राहू देईना. मग सुरू झाली वणवण. व्हिसा असेल तोवर फ्रान्स, तो संपला की इंग्लंड, मग इटली, मधूनच पुन्हा जर्मनी. एका जागी बिऱ्हाड नाही, कायमचा स्टुडिओ नाही.

पण लॉटेची कला अशी होती, की तिला मोठा स्टुडिओ लागतच नव्हता. कात्री, पुठ्ठा, तार, काच आणि दिवा मिळाला की झालं. या वणवणीतही तिनं डझनभर सिनेमे केले. ‘कारमेन’, मोझार्टच्या संगीतावरचा ‘पापागेनो’ हे त्याच काळातले. लंडनमध्ये ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी तिनं काम केलं. रेनवारनं तर मैत्री निभावलीच. त्याच्या ‘ला मार्सेयेज’मधल्या सावल्यांच्या खेळाचा प्रसंग लॉटेनं केला आणि कार्ल त्याच्या अनेक सिनेमांत सहायक होता.

महायुद्धाच्या शेवटच्या टप्प्यात लॉटेला बर्लिनला परतावं लागलं. आई आजारी होती, तिच्याजवळ कुणी नव्हतं. बॉम्ब पडत असलेल्या शहरात, जिच्यापासून दहा वर्षं पळ काढला त्याच राजवटीसाठी काम करणं तिला भाग पडलं.

१९४५ मध्ये बर्लिनची लढाई झाली. शहर उद्ध्वस्त झालं. त्या विध्वंसात ‘राजपुत्र अहमद’ची मूळ निगेटिव्हही गेली.

तीन वर्षं, अडीच लाख छायाचित्रं, आणि मूळ प्रत राख. निगेटिव्ह गेली म्हणजे नवी चांगली प्रत काढायचा मार्ग बंद. त्या काळातले असंख्य सिनेमे असेच कायमचे गेले. ‘राजपुत्र अहमद’ही गेला असता, पण लंडनमधल्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात त्याची एक प्रत होती. परक्या देशातल्या संग्रहानं एक जुना, चलनात नसलेला जर्मन मूकपट जपून ठेवला होता, म्हणून तो उरला.

१९४९ मध्ये लॉटे आणि कार्लही त्याच लंडनला आले आणि स्थिरावले. आणि इथं हागेन नाव पुन्हा तिच्या आयुष्यात आलं.

बँकर हागेनचा मुलगा, त्याचंही नाव लुई. लहानपणी त्यानं घराजवळच्या स्टुडिओत सिनेमा बनताना पाहिला होता. नाझी राजवटीत एका पोस्टकार्डावर विनोद लिहिला म्हणून या पोराला छळछावणीत टाकलं गेलं. तिथून सुटून तो इंग्लंडला पोहोचला, ब्रिटिश सैन्याकडून आर्नहेमच्या लढाईत लढला आणि त्याला शौर्यपदकही मिळालं. १९५३ मध्ये याच धाकट्या हागेननं ‘प्रिमरोज प्रॉडक्शन्स’ ही कंपनी काढली आणि लॉटेला पुन्हा काचेच्या टेबलाशी बसवलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘सिंड्रेला’, ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’, ‘थम्बेलिना’ असे टीव्हीसाठीचे डझनाहून जास्त छोटे सावलीपट तिनं केले. त्यांतल्या ‘शूर शिंप्या’ला १९५५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात बक्षीस मिळालं. बापानं पहिला सिनेमा करायला जागा दिली होती, मुलानं तिला दुसरी इनिंग दिली.

१९५४ मध्ये लंडनच्या प्रतीवरून ‘राजपुत्र अहमद’ची नवी निगेटिव्ह काढली गेली. पण ती कृष्णधवल होती. मूळ सिनेमात रात्रीची दृश्यं निळी, आगीची लाल, महालाची पिवळी अशी रिळं रंगात बुडवून रंगवलेली होती. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं ज्यांनी हा सिनेमा पाहिला, त्यांनी तो रंगांशिवायच पाहिला.

१९६३ मध्ये कार्ल गेला. चाळीस वर्षं ज्यानं कॅमेरा सांभाळला तो माणूस नाही म्हटल्यावर लॉटे कामातून जवळजवळ बाजूला झाली. जर्मनीत तर तिचं नावही मागे पडलं होतं.

मग १९६९ च्या सुमारास पश्चिम जर्मनीतल्या चित्रपटप्रेमींनी तिला शोधून बोलावलं. तिचे जुने सिनेमे पुन्हा दाखवले गेले. १९७२ मध्ये जर्मन चित्रपटसृष्टीचा सुवर्ण सन्मान तिला मिळाला. सत्तरी ओलांडलेली लॉटे कार्यशाळा घेऊ लागली, तरुण मुलांसमोर कात्री चालवून दाखवू लागली. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं तिला बोलावलं आणि १९७५ मध्ये तिनं तिथं ‘ओकासाँ आणि निकोलेत’ हा नवा सिनेमा केला. १९ जून १९८१ रोजी जर्मनीतल्या डेटेनहाउझेन गावात, वयाच्या ८२ व्या वर्षी तिचं निधन झालं.

तिच्या सिनेमाचे रंग मात्र तिच्या पश्चात परत आले. १९९८-९९ मध्ये फ्रँकफर्टच्या चित्रपट संग्रहालयानं लंडनमधल्या जुन्या प्रतीवरून सिनेमा दुरुस्त केला, निळे-लाल-पिवळे रंग परत आणले आणि त्सेलरचं संगीतही पुन्हा जोडलं. आज लोक जो बघतात तो हाच.

मग इतका महत्त्वाचा सिनेमा मागे का पडला? तो मूक होता आणि जमाना बोलपटांचा आला. तो जर्मन होता आणि मध्ये युद्ध आलं. त्याच्यामागे डिस्नेसारखी वितरणाची आणि जाहिरातीची यंत्रणा नव्हती. शिवाय काहींच्या मते ॲनिमेशन म्हणजे हातानं काढलेली चित्रंच, त्यामुळे कापलेल्या बाहुल्या त्यांच्या हिशेबातच आल्या नाहीत.

आज बघताना काही गोष्टी खटकतातही. आफ्रिकी आणि चिनी पात्रांच्या आकृत्यांमध्ये त्या काळच्या युरोपचे साचे स्पष्ट दिसतात. राजपुत्र परीचे कपडे लपवून तिला घेऊन जातो, हा प्रेमाचा प्रकार आजच्या प्रेक्षकाला पटणारा नाही. सिनेमावर जीव लावणारे लोकही हे झाकून ठेवत नाहीत, त्यावर बोलतात.

पण त्यांचा जीव आहे, हेही तितकंच खरं. फ्रान्सच्या मिशेल ओसेलोनं काळ्या आकृत्यांचे अख्खे सिनेमे केले. २०१० च्या हॅरी पॉटर सिनेमातली तीन भावांची गोष्ट सावल्यांतून सांगितली गेली, तेव्हा जाणकारांना लगेच लॉटे आठवली. डिस्नेच्या १९९२ च्या ‘अल्लाद्दीन’मध्ये वाघ ज्याची चड्डी फाडतो त्या घमेंडी राजपुत्राचं नाव अहमदच आहे. २ जून २०१६ रोजी, तिच्या ११७ व्या जन्मदिनी, गुगलनं डूडलमधून तिच्या सावल्या हलवल्या. जगभरात ठिकठिकाणी संगीतकार पडद्यासमोर बसून या सिनेमाला नवं संगीत देतात आणि लोक तिकीट काढून मूकपट बघायला जातात.

लॉटेच्या बाहुल्या आणि कागदपत्रं आता जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या शहर संग्रहालयात आहेत. त्या नुसत्या काळ्या आकृत्या, सांध्यांना तार. पडद्यावर त्या रडतात, रुसतात, प्रेमात पडतात. पुढच्या वेळी क्विझमध्ये तो प्रश्न आला, तर उत्तर द्यायला आता दुसरंही एक नाव आहे.